नेटवर्क कार्डास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री नेटवर्क कार्ड साहेब,
मुक्काम 'अर्क' महासंगणकाचे दालन, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, पाषाण, पुणे, यांसी –

बुलढाण्याहून एका सेवानिवृत्त बारनिशी कारकुनाचे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

ज्या इसमाने तहसील कचेरीत तेहेतीस वर्षे एकही कागद आवक क्रमांक टाकल्यावाचून पुढच्या टेबलावर जाऊ दिला नाही, आणि साहेबांच्या सासऱ्यांचे पत्रदेखील ज्याच्या वहीत दाखल झाल्याखेरीज साहेबांच्या हाती पडले नाही, त्या इसमास उतारवयात असे ऐकावे लागावे की पुण्यास एक अशी कचेरी आहे जेथे टपाल बारनिशीला वळसा घालून थेट साहेबांच्या कपाटात, साहेबांच्या नकळत जाऊन पडते, हा दैवदुर्विलास होय. ही वार्ता माझ्या पुतण्याने आणली. तो संगणकाच्या चाकरीत आहे.

त्याच्या सांगण्याप्रमाणे साध्या यंत्रात बाहेरून आलेला मजकूर कार्डापाशी उतरला की कार्ड प्रोसेसरास हाक मारते; मग हातचे काम टाकून कर्नल (पलटणीतला नव्हे, यंत्राच्या कारभाराचा अव्वल कारकून) उठतो, लखोटा तपासतो, आपल्या फडताळात मजकूर ठेवतो आणि तेथून त्याची नक्कल ज्या प्रोग्रामची असेल त्याच्या स्मृतीत उतरवून देतो. यात वेळ जातो, हे मान्य. पण वेळ गेल्याबद्दल आमच्या कचेरीत कोणाची पेन्शन अडल्याचे स्मरत नाही. आपली रीत मात्र 'दूरस्थ थेट स्मृतिप्रवेशा'ची, लोकांच्या तोंडी आरडीएमए. या यंत्राचे कार्ड त्या यंत्राच्या स्मृतीत परभारे लिहून मोकळे होते आणि तिकडच्या प्रोसेसरची झोपदेखील मोडत नाही. जेथे दहावीस मायक्रोसेकंद लागत, तेथे म्हणे एकदोन पुरतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा हिस्सा. तेवढ्यात आमचा टाक दौतीपर्यंतही पोचत नसे.

आपल्या कर्तबगारीबद्दल माझ्या मनात असूया नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'अर्क' राष्ट्रास अर्पण झाला. त्याची शक्ती ११.७७ पेटाफ्लॉप्स. ज्या अंदाजास आधीच्या 'प्रत्यूष'ला दहा तास लागत तो हा चार तासांत करतो, आणि मे २०२५ पासून भारत पूर्वानुमान प्रणालीमुळे बारा किलोमीटरांच्या चौकोनाऐवजी सहा किलोमीटरांचा चौकोन आला. आमच्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेनऊ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. म्हणजे जेथे सहासष्टसदुसष्ट घरे मांडीत, तेथे आता अडीचशेच्या वर. हजारो प्रोसेसर आपापल्या वाट्याच्या आकाशाचा हिशेब करतात आणि, शेजारशेजारचे पटवारी शिवेवरचे दगड जुळवतात तसे, पावलोपावली एकमेकांचे आकडे मागतात. सगळी घाई या मागणीत आहे, आणि तेथे इन्फिनीबँडच्या तारांवर आपली जात उपयोगी पडते. सगळे श्रेय आपले नव्हे. पण काही आहे.

माझी तक्रार निराळी आहे. कारकुनास हटवले असा डांगोरा ज्यांनी पिटला, त्यांनी त्याच्या जागी किती दफ्तर मांडले ते पुतण्याने सांगितल्यावर मी थक्क झालो. एका अक्षराची ने-आण होण्यापूर्वी स्मृतीचा तुकडा रीतसर नोंदवावा लागतो. नोंदवल्यावर तो जागेवर खिळतो, म्हणजे यंत्रास तो हलवण्याची मनाई. मग दोन किल्ल्या मिळतात, एक घरची आणि एक परगावच्या यंत्रास मुखत्यारपत्रासारखी द्यायची. मग जाणाऱ्या कामांची एक रांग, येणाऱ्यांची दुसरी, आणि झालेल्या कामांची वही वेगळी! इन्फिनीबँडच्या मुलुखात तर सबनेट व्यवस्थापक नावाचा अधिकारी क्रमांक नेमून देईपर्यंत, तार जोडलेली, दिवा लागलेला असूनही, कार्ड 'आरंभिक' अवस्थेत ताटकळत बसते. नेमणुकीचा हुकूम खिशात असूनही रुजू करून घेण्यास कोणी नाही, अशी अवस्था मी १९८६ साली स्वतः भोगली आहे.

आमच्याच जिल्ह्यातील एका महाविद्यालयात, जुन्या चार यंत्रांत आपले भाऊबंद बसवून, इथरनेटवर चालणारी 'रॉकी' शाखा उघडण्यात आली. महिनाभर काम चालले, परंतु बैलगाडीच्या वेगाने. पुतण्यास बोलावले. त्याने पाहिले तर खिळवून ठेवता येणाऱ्या स्मृतीची मर्यादा चौसष्ट किलोबाइटवरच राहिलेली; नोंदणी नामंजूर; आणि ज्या कर्नलास वगळायचे होते तोच बिचारा, एक अक्षर न बोलता, महिनाभर सारा मजकूर वाहत होता. दप्तरी इशाऱ्याची एक ओळ छापलेली होती. ती वाचण्याचे काम कोणाकडे सोपवलेलेच नव्हते. मर्यादा उठवल्यावर दुसरे विघ्न निघाले. रॉकीस वाटेत लखोटा गहाळ झालेला खपत नाही, म्हणून गर्दी झाली की स्विचाने 'थांबा' म्हणावे लागते, आणि तेही मजकुराच्या आठ प्रवर्गांपैकी ठरलेल्यासच. इकडे स्विच तिसऱ्या प्रवर्गाचा बंदोबस्त करून सज्ज, तर कार्डे शून्य प्रवर्गातून मजकूर सोडीत होती. एक लखोटा गळाला की तेथपासूनचे सगळे पुन्हा पाठवायचे, ही आपल्यापैकी पुष्कळांची रीत. चार दिवस दोन्ही टोकांचे कागद जुळवण्यात गेले. यास कारकुनी म्हणत नाहीत. कॉन्फिगरेशन म्हणतात, आणि त्याचा पगार निराळा असतो.

शेवटी एक नाजूक बाब. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात: भोवती अठरा धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर घागर, घागरीवर पापड, करंजी. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही, आणि पहाटे कोणता दाणा सरकला ते पाहून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. त्यास शास्त्राचा आधार नाही हे मी जाणतो. परंतु रात्री जे घडले ते जमलेल्या शेतकऱ्यांसमोर पहाटे मोठ्याने सांगतात, एवढा रिवाज तेथे पाळला जातो. आपण मात्र परक्या स्मृतीत लिहून निघून जाता आणि घरधन्यास त्याची गंधवार्ता नसते. कळवायचे झाल्यास निराळा निरोप जोडावा लागतो, तशी सोय आपल्या कायद्यात आहे, असे पुतण्या म्हणतो.

तरी अर्ज इतकाच, की मेहकराकडच्या आमच्या शेताचा चौकोन जेव्हा लिहून होईल, तेव्हा तो निरोप जोडण्याची तजवीज व्हावी. सोयाबीनचे बियाणे घरात येऊन पडले आहे, आणि पेरावे की थांबावे यावर पुतण्याच्या काकूचे व माझे दोन दिवस बोलणे बंद आहे.

पत्राची पोच द्यावी. येथे बारनिशीत नोंद करून घेईन. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त कारकून