सांगायचं राहिलंच!

चोरावर विश्वास ठेवू नये, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. पण चोरच गोष्ट सांगायला बसला आणि तो रॉबर्ट डाउनी ज्युनियर असला, की हे शहाणपण गुंडाळून ठेवावं लागतं. शेन ब्लॅकच्या 'किस किस बँग बँग' (२००५) या चित्रपटात नेमकं हेच होतं.

निवेदक हॅरी लॉकहार्ट हा भुरटा चोर. न्यूयॉर्कमध्ये रात्री खेळण्यांच्या दुकानात शिरतो, अलार्म वाजतो, जोडीदाराला गोळी लागते. पोलिसांना चुकवत पळताना हा घुसतो थेट एका ऑडिशनमध्ये. हातात संवादाचे कागद येतात, तेही जोडीदाराच्या मरणाचं खापर डोक्यावर आलेल्या माणसाचे! हॅरी खराखुरा कोसळतो आणि समोरची मंडळी खूश: वा, काय अभिनय! रवानगी लॉस एंजेलिसला. बिचारा एकदाच खरं वागला, तर नट ठरला.

पुढे तो मध्येच चित्र थांबवतो. कुठल्याशा रोबोटचं सांगायचं राहिलं म्हणे! स्वतःच्या निवेदनाला नावं ठेवतो आणि मागे जातो. लग्नघरात किस्सा रंगवताना "थांब रे, त्याच्या आधी काय झालं माहितीये?" म्हणणाऱ्या मामासारखा. अशा मामावर कोण संशय घेणार? थापाड्या अडखळत नाही, अशी आपली भाबडी समजूत; त्यामुळे अडखळणारा आपोआप प्रामाणिक ठरतो. गंमत अशी, की हॅरीचं हे विसरणं ब्लॅकने बसून, विचार करून लिहिलेलं आहे. 'लीथल वेपन'चा हा लेखक इथे पहिल्यांदाच दिग्दर्शक झाला. चित्रपटातल्या प्रकरणांना नावं दिली रहस्यकथाकार रेमंड चँडलरच्या लेखनाची. पण चँडलरचा गुप्तहेर मार्लो मार खाऊनही ऐटीत बोलतो. आमच्या हॅरीचं बोट दारात सापडून तुटतं, डॉक्टर ते जोडतात, गुंड पुन्हा तोडतात आणि शेवटी ते कुत्रा खातो. एवढे हाल झालेल्या माणसाला खोटं पाडायला मन होत नाही.

शेवटी तर मेला असं वाटलेला पेरी, म्हणजे हॅरीचा गुप्तहेर साथीदार, इस्पितळात जिवंत निघतो. गोष्टीच्या या गोड वळणाची हॅरीलाच लाज वाटते. मग मेलेले सगळेच परत येऊ देत म्हणून तो एल्विस आणि अब्राहम लिंकनलाही खोलीत आणतो. जाता जाता शिव्या फार झाल्या म्हणून अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या सज्जनांची माफी मागतो आणि पार्किंगच्या पावतीवर शिक्का मारून घ्यायची आठवणही करतो. माफी खरी की खोटी, देव जाणे. पावतीचं मात्र मी ऐकलं असतं.