डाफ्नियाबाई, तुमची निविदा अपात्र ठरली आहे

श्रीमती डाफ्निया,
मुक्काम कोणतेही गोडे तळे



शहरातल्या तळ्यांचे हिरवे पाणी निवळून देण्याच्या कामाला तुम्ही अपात्र का ठरलात, हे तुम्हाला कोणी कळवील असे दिसत नाही, म्हणून हे खुले पत्र. कारणे उघड आहेत. तुम्ही पडलात पाण्यात तरंगणारा बारीक जीव, म्हणजे प्राणिप्लवक; लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. अनामत रक्कम तुम्ही भरलेली नाही, यंत्रसामग्रीची यादी जोडलेली नाही, आणि तुमच्या कामाचे उद्घाटन करायचे तर फीत कुठे बांधायची? नावामागे ‘सौ.’ लावावे, तर तुम्ही बहुतेक काळ नराशिवायच पिल्ले काढता, तेव्हा तीही सोय नाही. याउलट तरंगते कारंजे लांबून दिसते, रात्री त्यावर रंगीत दिवे सोडता येतात आणि देखभालीचे बिल दरवर्षी निघते. तुम्ही मात्र दिवसरात्र पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शेवाळ खात राहता आणि एकही बिल सादर करत नाही. ज्या कामाचे बिल नाही, ते झाले असे लेखापरीक्षकाला पटवायचे कसे?

अनुभवाचे दाखले तुमच्याकडे आहेत, हे मात्र मान्य. अमेरिकेत कनेटिकटमधल्या क्रिस्टल लेकमध्ये १९४२ साली मोठ्या आकाराचे प्राणिप्लवक होते. पुढे तिथे ब्लूबॅक हेरिंग हा प्लवक टिपणारा मासा आला, आणि १९६४ च्या नमुन्यांत बारकेच तेवढे उरले होते. ब्रुक्स आणि डॉडसन यांनी १९६५ मध्ये याची संगती लावली. मासा डोळ्यांनी शिकार शोधतो, त्यामुळे मोठी डाफ्निया आधी संपते, आणि शेवाळ गाळण्याची खरी ताकद असते ती मोठीतच. दहा वर्षांनी मिनेसोटाचे जोसेफ शापिरो यांनी हीच साखळी उलटी फिरवायचे सुचवले. प्लवक खाणारे मासे कमी करा, पाणी निवळेल. या उपायाला त्यांनी बायोमॅनिप्युलेशन म्हटले. आपल्याकडे तळे सुधारायचे म्हणजे त्यात काहीतरी टाकायचे, ही समजूत इतकी घट्ट आहे की काहीतरी काढायचे, हा विचारच अशोभनीय वाटतो.

पण तुमचा सर्वांत गाजलेला दाखलाच नेमका अडचणीचा आहे. फिनलंडमधल्या लाहती शहराचे सांडपाणी १९७६ पर्यंत वेसियार्वी सरोवरात जात होते. ते वळवले, तरी १९८० च्या दशकात निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर उन्हाळ्यात येतच राहिला. मग १९८९ ते १९९३ या काळात सरोवराच्या एनोनसेल्का भागातून हजार टनांहून अधिक मासे, मुख्यतः रोच आणि स्मेल्ट, जाळ्यांनी काढले. जोडीला पाइक-पर्च हा शिकारी मासा सोडला. थर ओसरला, पाणी निवळले. श्रेय तुम्हाला जायचे, पण संशोधकांनी पाहिले तेव्हा तुमच्या वाढीतून हा बदल नीट उलगडेना. जास्त पटणारा खुलासा असा निघाला की हे मासे तळाशी आणि काठाशी चरत, आणि तिथला फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचे खाद्य, विष्ठेवाटे मधल्या पाण्यात आणून सोडत. मासे गेले, ही हमाली थांबली. म्हणजे तुमच्या हातून काम झाले नाही असे धरले, तरी मासे काढण्याचा मुद्दा उभाच राहतो, उलट अधिकच भक्कम होतो.

यावर कोणी म्हणेल, मग सांडपाण्याच्या खर्चात कशाला पडायचे, सरळ जाळी टाका. हा युक्तिवाद आमच्याकडे चटकन मंजूर होईल, म्हणूनच तो खोडणे भाग आहे. कॅनडात १९७३ साली लेक २२६ मध्ये पडदा बांधून दोन भाग केले. एकात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला. नाल्यातून हा माल रोज येत असेल, तर मासे काढून उपयोग नाही. आणि नाला बंद केला तरी गाळात साठलेला फॉस्फरस, तळाचा प्राणवायू संपला की, पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणून लाहतीतला क्रमच योग्य: आधी १९७६, मग १९८९. शिवाय मासे काढायचे तर हातचे न राखता. नेदरलँड्समधल्या १८ उथळ तळ्यांच्या अभ्यासात दिसले की जिथे तीन चतुर्थांशाहून जास्त मासे निघाले, तिथेच पाण्याने स्पष्ट साथ दिली. थोडे काढून सोडले, तर उरलेल्यांना खाणे मुबलक आणि पिलावळ दुप्पट. लाहतीकरांनाही पुढे मासेमारी चालूच ठेवावी लागली. आमच्या अंदाजपत्रकाला ‘चालू ठेवणे’ हे क्रियापद फक्त कारंज्यापुरते माहीत आहे.

दुसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे: हे थंड देशांचे शास्त्र. उष्ण पाण्यात मासे वर्षातून अनेकदा वितात, तुमच्या जाती लहान असतात, आणि निळ्या-हिरव्या शेवाळाचे मोठे पुंजके तुमच्या गाळणीत मावत नाहीत. हे सगळे खरे आहे. पण ब्राझीलियातल्या पारानोआ जलाशयात १९९७ साली तिलापिया मोठ्या प्रमाणात मेला, आणि त्यानंतर तिथले पाणी सुधारल्याचे नोंदले गेले. तिलापिया म्हणजे उजनीच्या बाजारातली आपली चिलापी. थंडीचा इथे काय संबंध? उष्ण प्रदेशात तुमच्यावर भिस्त कमी ठेवावी लागेल, माशांच्या निवडीवर जास्त. आणि तिथेच आमची गंमत आहे. तळे ‘जिवंत’ करण्यासाठी आम्ही हौसेने सोडतो तो कटला वरच्या थरात प्राणिप्लवक, म्हणजे तुम्हालाच, खाणारा. सायप्रिनस तर गाळ उकरत फिरतो. मच्छीमार संस्थांचे पोट त्यावर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बारीक मासे सतत काढणे हीच मजुरी आहे, ती त्यांनाच द्यावी, आणि चढ्या भावाने विकला जाणारा शिकारी मरळ त्यांना वाढवू द्यावा. कारंज्याच्या विजेपेक्षा हे महाग पडेल असे वाटत नाही. हिशेब मात्र कोणी मांडलेला नाही.

तूर्त तुमचा अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. येत्या पावसाळ्यात मान्यवरांच्या हस्ते कटल्याची बोटुकली तळ्यात सोडण्याचा कार्यक्रम आहे. आपण सहकुटुंब उपस्थित राहावे, ही विनंती. बोटुकल्यांच्या अल्पोपाहाराची वेगळी तरतूद केलेली नाही.

आपला,
एक करदाता