झोंबल्याशिवाय गुण नाही

बंड्याच्या शेपटीच्या बुडाशी गळू झालं, तेव्हा घरातले सगळे माझ्याकडे बघू लागले. निदान मला तसं वाटलं. मांजरांचा जाणकार म्हणून आमच्या सोसायटीत माझं नाव आहे. ते मीच केलंय, पण म्हणून काही ते खोटं ठरत नाही.

बोक्यांच्या मारामारीत दात खोल रुततो, वर मात्र केसांत दिसणारही नाही एवढंसं भोक. कातडी लगेच मिटते आणि आत जंतू निवांत संसार थाटतात. तीन-चार दिवसांत गरम गाठ हाताला लागते. हे सगळं मी डॉक्टरीणबाईंनाही समजावून सांगत होतो. त्यांनी "हो का?" म्हणत केस भादरले, गळूला चीर दिली, आणि जो वास सुटला त्यात माझं व्याख्यान आटोपलं. टाके घातले नाहीत. जखम आतून भरत यायला हवी. गोळ्या दिल्या आणि बजावलं, "दिवसातून दोनदा सलाइनने धुवा. झोंबणारं काही लावायचं नाही."

झोंबणारं नाही? मग लावायचं तरी काय?

आमच्या लहानपणी गुडघा फुटला की आई टिंक्चर आयोडीन लावायची. आपण बोंब ठोकायची, तिने फुंकर घालायची आणि म्हणायचं, "झोंबतंय ना, म्हणजे लागू पडतंय." लाल औषध झोंबत नसे, म्हणून ते लावणाऱ्या पोराला आम्ही लिंबूटिंबू धरायचो. या सगळ्यांच्या वर ते पाण्यात टाकताच दुधाळ होणारं जंतुनाशक! बाळंतिणीच्या खोलीपासून दाढीच्या ब्रशापर्यंत त्याची सत्ता. वास आला की जंतू मेले. तपासणी बिपासणी नाही. आणि आता कळतंय, त्यातलं क्लोरोझायलेनॉल मांजराला विषारी. अंगाला लावलं की ते चाटून पोटात घेणारच. पॅरासिटामॉलची तर एक गोळीही जिवावर बेतू शकते. म्हणजे पन्नाशी उलटेपर्यंत जमवलेलं माझं वैद्यकशास्त्र बंड्याच्या दृष्टीने निव्वळ शस्त्रागार.

शेजारचे काका म्हणाले, "हळद दाबा. नाहीतर राहू द्या, चाटून बरं होतं." मांजराच्या जिभेवर काटे असतात, नव्याने धरलेलं मांस ती खरवडून काढते, म्हणून तर गळ्यात प्लास्टिकचा कोन. तो घालून बंड्या दिवसभर दारांना धडकत आणि उलट्या पावली चालत होता.

संध्याकाळी त्याला पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतला. बिनसुईच्या सिरिंजने कोमट सलाइन सोडलं. आधी पिवळट पाणी आलं, मग गुलाबी, मग स्वच्छ. आत लालसर, ओलं, दाणेदार मांस दिसू लागलं. बंड्या घुरघुरायला लागला.

"बघ," मी हिला हाक मारली, "हातगुण कळतो त्याला!"

"दुखत असलं तरी घुरघुरतात म्हणे," ही म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं."

मी सिरिंजचा दट्ट्या हळू केला. इतका वेळ तो बिचारा स्वतःचीच समजूत घालत होता आणि मी टाळ्या मोजत होतो. त्यात काका दारातून डोकावले, "भटकंच ना मुळात? त्याच्यावर एवढा खर्च?" काकांशी मी कधी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो, आणि अजून माफी मागितलेली नाही.

जखम भरत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी नसबंदी सुचवली. मारामाऱ्या कमी होतात म्हणे. पुरुषजातीच्या वतीने मी बराच युक्तिवाद केला. तारीख हिने घेतली.