न्यूयॉर्कची धर्मशाळा

न्यूयॉर्क, आश्विन वद्य ५

तीर्थरूप बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

घराचा करारनामा होईपर्यंत आमचा मुक्काम जेथे पडला आहे, त्या जागेस येथे ‘अपार्टमेंट हॉटेल’ म्हणतात. म्हणजे धड बिऱ्हाड नव्हे आणि धड खानावळही नव्हे. १९०१ साली येथील सरकारने बिऱ्हाडांच्या इमारतींची उंची आणि उजेड यांविषयी कडक कायदा केला, तेव्हा धूर्त मालकांनी खोल्यांतून स्वयंपाकघर तेवढे वगळले, इमारतीस हॉटेल म्हटले आणि कायद्याच्या अंमलातून सहीसलामत निसटले. त्या पळवाटेचे प्रायश्चित्त आज तुमच्या सूनबाई घेत आहेत. कपड्यांच्या कपाटात मागाहून बसवलेल्या एकाच शेगडीवर भात उतरेपर्यंत आमटीस दर्शनबारीत तिष्ठावे लागते.

खोल्या वाफेवर तापतात. निवून पाणी झालेली जुनी वाफ ताज्या वाफेच्या वाटेत आडवी आली, की पहाटे चारला नळ्या असा काही ठेका धरतात, की तुमचा नातू झोपेतच ‘काकडआरती झाली का?’ म्हणून विचारतो. लिफ्ट एकच, आणि तीही वृद्ध. तिच्यासमोर उभे राहता राहता हात आपोआप कटीवर जातात, उणीव केवळ विटेची.

ब्रॉडवेवर ‘अन्सोनिया’ नावाची १९०४ सालची याच जातीची भव्य इमारत आहे. तिच्या मालकाने गच्चीवर कोंबड्या पाळून भाडेकरूंना ताजी अंडी पुरवली होती. १९०७ साली आरोग्यखात्याने तो कारभार बंद पाडला. एवढा मजकूर आईस वाचून दाखवू नये.

काल गरम पाण्याची तक्रार घेऊन खाली गेलो. कारकुनाने वहीतून मान वर न करता ‘पाहू’ एवढेच म्हटले, आणि बाबा, मला वाड्याच्या ओट्यावर बसलेले तुम्ही आठवलात. कार्तिकीस मागल्या खोलीत अठरा माणसे उतरत, दाराची कडी लागत नाही म्हणून सांगत, आणि तुम्हीही याच स्वरात ‘पाहू’ म्हणत असा. ‘बादली एकच मिळेल’ ही पुरवणी, अर्थात, माझी असे. जन्मभर यात्रेकरू उतरवून घेतले, यात्रेकरू होण्याची पाळी मात्र सातासमुद्रापार आली.

तरी एकादशीपूर्वी सुतारास बोलावून ती कडी बसवून घ्यावी आणि बादल्या दोन ठेवाव्यात. खर्च मी पाठवतो. येथील गरम पाण्याचे म्हणाल, तर कारकून पाहत आहे.

कळावे, आशीर्वाद असावा.

तुमचा,
बाळ