काळ्या दगडावरची रेघ (पुसून मिळेल)

शिव शिव शिव! इथेरियम नावाच्या क्रिप्टो-साखळीच्या घरात दगडावरची रेघ पुसली गेली होती म्हणे, तीही दिवसाढवळ्या! आणि थाट तर काय होता! आमच्याकडे वकील नाही, मॅनेजर नाही, साहेबाची सही नाही. एकदा लिहिलेला कोड हाच कायदा, ब्रह्मदेव आला तरी अक्षर हलायचं नाही.

२०१६ साली या मंडळींनी 'द डीएओ' नावाची भिशी काढली. भिशीच म्हणा, फक्त भिशीवाल्या काकूंच्या जागी प्रोग्राम. चार आठवड्यांत १५ कोटी डॉलरच्या आसपास जमले; तेव्हाच्या एकूण इथरपैकी (इथर म्हणजे इथेरियमचं नाणं) साधारण १४ टक्के एका पेटीत! आता गंमत ऐका. प्रोग्राम पैसे आधी हातावर ठेवायचा आणि वहीत मागाहून लिहायचा. १२ जूनला करविते म्हणाले, पैशाला धोका नाही. १७ जूनला कुणी पठ्ठ्याने वहीत नोंद व्हायच्या आत पुन्हा हात पुढे केला. मग पुन्हा. पुन्हा. ३६ लाख इथर गेले.

चोर म्हणावं तरी पंचाईत! कोडात होतं तेच त्याने केलं, आणि कोड तर कायदा. पण लुटलेले पैसेही त्याच कोडाच्या नियमाने काही आठवडे अडकून पडले होते. तेवढ्या अवधीत, २० जुलैला, मंडळींनी तत्त्वं खुंटीला टांगून नोंदींची साखळीच वळवली आणि पैसे परत केले. ज्यांना हा बाटगेपणा मानवला नाही त्यांनी जुनी साखळी धरून वेगळी चूल मांडली; ती इथेरियम क्लासिक.

पुढचं तर आणखी खमंग. नोव्हेंबर २०१७. पॅरिटी कंपनीने बनवलेल्या, इथर ठेवायच्या पाचशेवर तिजोऱ्या, पण कुलूप उघडण्याची अक्कल सगळ्यांनी एकाच सामाईक प्रोग्रामात ठेवलेली. त्याला मालक नेमायचा राहूनच गेला! कुणीतरी सहज मालक झाला आणि त्याने तो प्रोग्रामच मारून टाकला. चुकून झालं म्हणे! ५ लाख १३ हजार इथर जागच्या जागी गोठले. त्यात इथेरियमचे एक संस्थापक गॅव्हिन वूड यांच्या नव्या प्रकल्पाचेही. २०१८ साली सोडवणुकीचा प्रस्ताव आला, तर कौल उलटा. छे छे, नियम म्हणजे नियम! १४ टक्के अडकले तेव्हा रेघ पुसली, आणि हे टक्काभरही नव्हते, हा आमचा आपला चावटपणा. पैसे अजून तिथेच आहेत. आकडा कुणीही पाहावा, हात कुणीही लावू नये.

आता असल्या नव्या प्रोग्रामांत शहाण्यांनी मागचं दार ठेवलंय म्हणे. चूक सापडली की कोड बदलायचा. आणि किल्ली कुणापाशी? टीमपाशी. म्हणजे साहेबाची सही आलीच की हो! फक्त हा साहेब बसतो कुठे, असं पैसे घालणाऱ्याने विचारलं की उत्तरादाखल रॉकेटचं चित्र येतं.