एकास सत्त्याऐंशी

प्रत्येक गावात एक माणूस असा असतो, की त्याच्याकडं चहाला जायचं म्हटलं की लोक आधी घड्याळ बघतात. माणूस लाखातला असतो, चहाही झकास असतो. पण कप खाली ठेवला रे ठेवला, की तो म्हणतो, "या, जरा आत या. काम कुठवर आलंय ते दाखवतो." त्यानंतरचा दीड तास आपला राहत नाही. कुणाच्या आतल्या खोलीत जुनी नाणी असतात, कुणाच्या काड्यापेट्यांची चित्रं. सिरसाळ्याच्या आमच्या गुरुजींच्या आतल्या खोलीत रेल्वे आहे.

खरी रेल्वे सिरसाळ्याला यायची आहे. तिची वाट पाहणं हा आमच्या बीड जिल्ह्याचा पिढीजात धंदा. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा गुरुजींचा मुलगा बालवाडीत होता. आता मुलाचा मुलगा बालवाडीत आहे. मधल्या काळात गाडी नगरहून आष्टीपर्यंत आली ती २०२२ मध्ये, आणि बीडला आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून. बीड ते परळी हा टप्पा उरलाय. गुरुजी म्हणतात, "त्यांचं चालू द्या त्यांच्या गतीनं. आपण आपला टप्पा उरकून घेऊ." म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी आठ बाय चारचा प्लायवूड आणला आणि सिरसाळ्याला रेल्वे आणली.

गुरुजींची रेल्वे एच-ओ स्केलची आहे. म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयातभर गणित शिकवलेल्या माणसाच्या हाती असला आकडा लागणं ही घरादाराच्या दृष्टीनं धोक्याची गोष्ट. गुरुजी आता जगातली प्रत्येक वस्तू सत्त्याऐंशीनं भागतात. सहा फुटांचा माणूस एकवीस मिलिमीटर. रेल्वेचा डबा साडेचोवीस सेंटिमीटर. काकू साडेसतरा मिलिमीटर. एकदा त्यांनी अख्ख्या नगर-परळी मार्गालाच भागून पाहिलं आणि मला रस्त्यात गाठलं. "अरे, २६१ ला ८७ नं भाग निःशेष जातो! बरोबर तीन! तीन किलोमीटर रूळ टाकला की झाला नगर-परळी मार्ग. ही काय साधी गोष्ट आहे का?" साधी गोष्ट नव्हतीच. खोली बारा फुटांची आहे.

या भागाकाराचा घरगुती उपयोगही आहे. मॉडेलचं इंजिन घरी आलं, की काकू किंमत विचारतात. तिथंही गुरुजी प्रमाण सोडत नाहीत. आठ हजार सातशेचं इंजिन घरात शंभर रुपयांना आलेलं असतं. काकू म्हणतात, "शंभरात बरं मिळतंय हो सगळं तुम्हाला." त्यांना सगळं कळतं. पण पस्तीस-चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला, भागाकार कुठं तपासायचा आणि कुठं तसाच सोडायचा, हेही कळतं.

खरी रेल्वे निम्म्या केंद्राच्या आणि निम्म्या राज्याच्या पैशातून होतेय. गुरुजींनी तोच नमुना उचलला. निम्मा खर्च पेन्शनमधून, निम्मा पुण्यातल्या मुलाकडून. मुलाचा हप्ता लांबला की गुरुजी सुस्कारा टाकतात, "केंद्राचा निधी अडकलाय." भूसंपादनही रीतसर झालं. आधी खोलीतली बाज गेली, मग पापड वाळवायची जागा, मग शिलाई मशीन. मशीन गेलं तेव्हा काकूंनी मावेजा मागितला. मिक्सर मिळाला. त्यावर त्यांनी वाढीव मावेज्याचा दावा लावलाय. तो रोज जेवणाच्या वेळी सुनावणीला येतो आणि पुढची तारीख पडते.

बांधकामाचा बराचसा माल काकूंच्या स्वयंपाकघरातूनच जातो. चहाचा चोथा उन्हात वाळवला की रुळांकडेची माती होते. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात बुडवून वाळवला की गवत. जुन्या स्पंजचे तुकडे तारेच्या फांद्यांना चिकटवले की लिंबाची झाडं. बालाघाटचा डोंगर थर्माकोलचा आहे, वर प्लास्टरचा हात. शेतातली काळी माती मात्र अस्सल, काकूंच्या पिठाच्या चाळणीतून तीनदा चाळलेली. चाळणी कुठं गेली म्हणून घरात शोधाशोध सुरू झाली, की गुरुजी डोंगराकडं तोंड करून उभे राहतात.

त्यांचं खडी टाकणं एकदा तरी बघावं. एरवी सगळ्या वर्गाला दरडावणारा हा माणूस तेव्हा श्वास रोखून बसतो. चाळलेली बारीक कच रुळांच्या मधे चमच्यानं टाकायची. रंगाच्या जुन्या ब्रशनं ती सारखी करायची, एकही कण रुळावर राहता कामा नये. मग फेविकॉलमध्ये पाणी घालायचं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे मिश्रण कणाकणात जिरतं. आणि मग डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरनं थेंब, थेंब, थेंब. एका बैठकीत वीतभर रूळ होतो. त्या वेळी कुणी पंखा लावला तर गुरुजींच्या तोंडून जे शब्द निघतात, ते त्यांनी वर्गात कुणाला काढू दिले नसते.

गाडी दाखवण्याचा विधी ठरलेला. आधी पाहुण्याला हात मागं बांधायला लावायचं. "बघायचं डोळ्यांनी, बोटांनी नाही." मग गुरुजी खोडरबर घेऊन सगळा रूळ घासतात. रुळातूनच बारा व्होल्टचा करंट इंजिनाला मिळतो, त्यामुळं रुळावर धूळ बसली की गाडी रुसते. मग ट्रान्सफॉर्मरचं बटण. मग तोंडानं शिट्टी. इंजिनाला आवाज नाही, म्हणून आल्को डिझेलची धडधडही गुरुजीच काढतात. हे इंजिन मूळचं अमेरिकन मॉडेल. त्याला त्यांनी आपल्या रेल्वेचा रंग दिलाय. कुणी शंका काढलीच, तर उत्तर तयार असतं, "आपलं डब्ल्यूडीएम-टू तरी कुणाचं? मूळ आराखडा अमेरिकेच्या आल्को कंपनीचाच. मग वाराणसीत बनायला लागलं. मी सिरसाळ्यात बनवलं, एवढाच फरक."

गाडी सुटते. इंजिनामागं दोन डबे आणि कोळशाच्या चार वाघिणी. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणून खलबत्त्यात कुटलेला. तो परळीच्या थर्मलला निघालेला असतो. गाडी डोंगरातल्या बोगद्यात शिरते आणि तिथंच थांबते. ही थांबायची जागाही ठरलेली. गुरुजी शांतपणे मागच्या भोकातून बोट घालतात आणि ढकलतात. त्याला ते ढकलणं म्हणत नाहीत. "बँकर लावला," म्हणतात. "बोरघाटात सुद्धा मागून जास्तीचं इंजिन लावावंच लागतं. त्यात लाज कसली?"

आणि बरोबर याच वेळी लाइट जाते. जवळच परळीचं औष्णिक वीज केंद्र. त्याच्या नावानं आमच्या तालुक्यानं वर्षानुवर्षं राख अंगावर घेतली. पण गुरुजींची कोळशाची गाडी त्या केंद्रापर्यंत विजेअभावी पोचत नाही. अंधारातून आवाज येतो, "कोळसा नाही, म्हणून वीज नाही. वीज नाही, म्हणून कोळसा नाही. घ्या!"

गल्लीतली पोरं हे त्यांचं खरं गिऱ्हाईक. एक पोरगं टाचा उंचावून बघत असतं.

"गुरुजी, ही गाडी कुठं जायलीय?"

"परळीला."

"आन् तिथून?"

"सिरसाळ्याला."

"आन् मंग?"

"परळीला."

"आन् पुण्याला कवा जाती?"

गुरुजी गंभीर होतात. "त्याचा सर्व्हे चालू आहे."

पुणं हे गुरुजींचं तीर्थक्षेत्र. तिथं कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. नोकरीत असताना गुरुजींनी शाळेची सहल शनिवारवाडा दाखवायला नेली आणि आधी तिथं नेली. दिवे मंदावून संध्याकाळ झाली, सिग्नल लागले, एकाच वेळी कितीतरी गाड्या धावायला लागल्या आणि पोरं आ वासून बघत राहिली. गुरुजी मात्र ओणवे होऊन टेबलाखाली बघत होते. वायरिंग कसं केलंय, ते. शनिवारवाडा त्या वर्षी बसमधूनच झाला.

नातवानं एकदा मोबाइलवर जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं मिनिआटूर वुंडरलँड दाखवलं. दोघा जुळ्या भावांनी २००१ मध्ये सुरू केलेलं, हेच एच-ओ स्केल, पंधरा किलोमीटरच्या वर रूळ. आपण मनातून खचलो असतो. गुरुजींनी डोळे मिटून भागाकार केला आणि म्हणाले, "म्हणजे पाच नगर-परळी. बरं करायलेत. पण त्यांच्याकडं काळी माती आहे का?"

गुरुजींना खचवणारा माणूस एकच, लातूरचे त्यांचे मित्र. बँकेतून निवृत्त. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत बार्शी लाइट रेल्वे आहे. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये सुरू केलेली ही अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरला आली, आणि आज ती ब्रॉडगेजमध्ये विरघळली असली तरी लातूरकर मंडळी तिचं नाव गेलेल्या थोरल्या भावासारखं काढतात. रोज रात्री साडेआठला दोघांचा फोन. आधी तब्येत, मग पाऊस, मग "काम कुठवर?" दोघंही आपलं काम नव्वद टक्के झाल्याचं सांगतात. गेली कित्येक वर्षं नव्वद टक्केच झालंय.

मग लातूरकर हळूच दुखऱ्या जागी बोट ठेवतात. "गुरुजी, तुमच्या गेजचं काय झालं?"

हे दुखणं जुनं आहे. एच-ओचा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद. त्याला सत्त्याऐंशीनं गुणा, युरोप-अमेरिकेचा १,४३५ मिलिमीटरचा गेज मिळतो. पण आपला ब्रॉडगेज १,६७६. त्याचं सत्त्याऐंशीवं अंग भरतं एकोणीस पूर्णांक सव्वीस. म्हणजे बाजारातला रूळ आणून घातला, की गुरुजींची भारतीय रेल्वे पावणेतीन मिलिमीटरनं खोटी ठरते. उलट लातूरकरांचा अडीच फुटी गेज बाजारातल्या नऊ मिलिमीटरच्या रुळावर जवळजवळ चपखल बसतो. पाव मिलिमीटरचा फरक, तोही ते सांगत नाहीत. जन्मभर ताळ्याच्या बेरजा तपासणाऱ्या माणसाला हे पावणेतीन मिलिमीटर रात्री झोपू देत नाहीत. काकू म्हणतात, "अहो, पावणेतीन मिलिमीटर कुणाला दिसतंय?" गुरुजी म्हणतात, "मला माहितीय ना!"

तरी लातूरकर पाय घसरून पडले आणि प्लास्टरमध्ये अडकले, तेव्हा गुरुजी पहाटेच्या एसटीनं गेले. पिशवीत भुसा, फेविकॉल आणि स्वतःचा ड्रॉपर. मित्र पलंगावरून सूचना देत होता आणि गुरुजी त्याच्या रेल्वेवर खडी टाकत होते. संध्याकाळी परतताना म्हणाले, "तुमचं काम आता एक्क्याण्णव टक्के."

बीडला पहिली गाडी सुटली त्या दिवशीही गुरुजी गेले होते. व्यासपीठावर पुढारी होते, त्यांच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पावलांनी फलाट मोजला, खडीचा रंग वहीत टिपला, "जरा निळसर, आपली फार पिवळी पडली," आणि एक खडा खिशात घालून घरी आले. मग महिनाभर जुनी खडी खरवडून काढायचं काम चाललं. काकूंनी विचारलं, "झालेलं का उकरताय?" उत्तर आलं, "झालेलं नव्हतं. होत आलेलं होतं."

काकूही या रेल्वेत आहेत. सिरसाळा स्टेशनच्या फलाटावर हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी आहे, साडेसतरा मिलिमीटर, शेजारी बोचकं. गुरुजींनी एकदा लाजत सांगितलं, "ही तू." काकूंनी चष्मा लावून नीट पाहिलं. "कवापासून उभी केलीय मला. एकदा तरी गाडीत बसवा की!" गुरुजींनी तिसरा डबा मागवला, तो त्या बोलण्यामुळं. अर्थात शंभर रुपयांना.

या स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाचं नाव मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत काळ्या अक्षरांत आहे. खाली समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची जागा मात्र कोरी. मोबाइल दर खेपेला वेगळा आकडा सांगतो, आणि अंदाजानं आकडा लिहिणं गुरुजींच्या रक्तात नाही. रेल्वेवाले येतील, मोजतील, खरी पाटी लागेल, तेव्हा तो आकडा उतरवून घ्यायचा, असं ठरलंय.

परवा पारावर कुणीतरी टोकलंच, "गुरुजी, उद्या खरी गाडी आली, तर तुमच्या खोलीतल्या गाडीचं काय?"

सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस हळवा होणार. गुरुजी म्हणाले, "खरी येणार ती एकेरी मार्गावर. ती आली, की माझं दुहेरीकरण हाती घ्यायचं. जागा बघून ठेवलीय."

हे घरापर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली. संध्याकाळी मी गेलो तर काकू देव्हाऱ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. "हितून पुढं एक इंच देणार नाही," त्यांनी मला सांगितलं. "आन् मशीनचा जुना मावेजा आधी!"