शेकरू काशीस जाते

काशीला गेलं की काहीतरी सोडून यायचं असतं. माझ्या आजीने वांगं सोडलं, जे ती मुळातच खात नसे. आईने रामफळ सोडलं, जे डोंबिवलीत धड मिळत नसे. घराण्याचा हा लौकिक राखायचा म्हणून मी निघण्याआधीच कारलं मुक्रर केलं होतं. जाण्याचं खरं कारण मात्र एक लेख. ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट ही काशीतली जुनी मराठी वस्ती. तिथले वाडे बघायचे, त्यातही नाना फडणविसांचा वाडा बघायचा आणि चार पानं लिहायची. तो वाडा मी अजूनही पाहिलेला नाही. कारण माझ्याबरोबर शेकरू होतं.

शेकरू म्हणजे माझी भाची. शिकलेली, नोकरीत, लग्नाला तूर्त नकार. अलीकडे ती फरी झाली आहे. माणसासारखी चालणारी-बोलणारी जनावरं ज्यांना मनापासून आवडतात आणि त्यातलं एखादं जे स्वतःसाठी बेतून घेतात, ते फरी. यांचं पहिलं संमेलन 1989 साली कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला भरलं, तेव्हा शंभर डोकीही जमली नव्हती. आता पिट्सबर्गला 2006 पासून अँथ्रोकॉन भरतं, तिथे हजारोंनी लोक येतात आणि कोल्हे, लांडगे, वाघ यांची रीतसर मिरवणूक निघते. संमेलन म्हटल्यावर मी सवयीने अध्यक्ष कोण आणि यंदा वाद कशावरून, असं विचारलं. भाचीने माझ्याकडे दयेने पाहिलं.

महानगरी एक्सप्रेसमध्ये, उजाडल्यापासून इटारसी येईपर्यंत, तिने माझी शिकवणी घेतली. नवख्या माणसाने एकदम अख्ख्या पोशाखाच्या मागे लागू नये. परदेशात त्याला हजारो डॉलर मोजावे लागतात. आधी आपलं पात्र बेतावं. चित्र काढावं, जमत नसेल तर चित्रकाराकडून रीतसर पैसे देऊन काढून घ्यावं. दुसऱ्याचं पात्र ढापणं हे या मंडळींतलं महापाप. पोशाख तर बहुतेकांकडे नसतोच, कान आणि शेपटीवरही भागतं. भाचीने मधला मार्ग काढला होता: डोकं, पुढचे पंजे आणि शेपटी, बाकी अंगावर तपकिरी कुर्ता. डोकं स्पंजचं, वर खोटी फर चिकटवलेली, डोळ्यांना बारीक जाळी, आणि नाकाडात कॉम्प्युटरमधला इवलासा पंखा. हे सगळं माझ्या बहिणीच्या गॅलरीत तयार झालं. फरचे केस महिनाभर त्यांच्या आमटीत निघत होते.

शेकरूच का, तर आपला राज्यप्राणी. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 साली मुख्यतः त्याच्यासाठीच राखलं गेलं. अंगापेक्षा शेपूट लांब, मुक्काम झाडावर, जमिनीवर सहसा पाय ठेवत नाही. भाचीने त्याचं नाव ठेवलंय तांबू. एका ज्योतिर्लिंगाच्या रानातलं जनावर दुसऱ्या ज्योतिर्लिंगाच्या गावी जाणार, घाटावर सकाळच्या उन्हात त्याचा व्हिडिओ काढायचा, अशी तिची कल्पना. मला ती अतिशय आवडली. कारल्यापेक्षा कितीतरी उदात्त होती.

मग आले शिष्टाचार. विचारल्याशिवाय कुणी अंगाला हात लावायचा नाही, मिठी तर नाहीच. फोटो विचारून. शेपटी ओढायची नाही, कधीही, गमतीतही. ‘आत कोण आहे?’ म्हणून छळायचं नाही. पोशाखातला माणूस चारचौघांत डोकं उतरवत नाही. समोर लहान मूल असेल तर त्याच्या देखत शेकरूचं मुंडकं काखेत आलेलं बरं दिसत नाही. संमेलनांत त्यासाठी वेगळी खोली असते, तिथे पंखे आणि पाणी ठेवतात, डोकी काढून बसायचं. तांबू तर बोलतही नाही, फक्त हातवारे करतो. आणि जाळीतून समोरचं जेमतेम दिसतं, पायाखालचं अजिबात नाही, म्हणून सोबत एक माणूस लागतो. त्याला हँडलर म्हणतात. त्याला नीट दिसलं पाहिजे, पायऱ्या चढता-उतरता आल्या पाहिजेत आणि गर्दीवर आवाज चढवता आला पाहिजे. यातलं तिसरं माझ्याकडे भरपूर आहे.

काशीदर्शन एका वाक्यात सांगते: विश्वनाथाच्या रांगेत मला पुढच्या गृहस्थांची मान दिसली, ती अजून डोळ्यांसमोर आहे.

ब्रह्मा घाट अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने नारायण दीक्षित पाटणकरांनी बांधून घेतला. दीक्षित थोर पुरुष असणार, पण पायऱ्या बांधताना त्यांच्यासमोर साठीची बाई नव्हती. इथेच गौड सारस्वतांचा काशी मठ आहे, आणि त्याच्या आराध्यांमध्ये व्यास आणि रघुपतीबरोबर नृसिंह आहे. वरून सिंह, खालून माणूस. भाचीला मी म्हटलं, बघ, तुझी वशिल्याची जागा आहे. तिने पुढचे पंजे जोडून नमस्कार केला. त्या क्षणापर्यंत सगळं सुरळीत होतं.

मी मोबाइल धरून चार पायऱ्या खाली उभी. तांबू वर, शेपटी अशी डौलात वळलेली, पंजा कानाशी. एवढ्यात मागच्या भिंतीवरून लाल तोंडाची माकडीण उतरली, तिने शेपटी दोन्ही हातांत धरली आणि नियम क्रमांक तीन मोडला. पट्ट्याचा हूक निसटला. माकडीण शेपटीसकट छज्ज्यावर.

तांबूला वाटलं, मीच मागून काहीतरी सारखं करतेय. ‘झालं का?’ असा पंजा त्याने हलवला. मी ओरडले. ओरडताना मान वर गेली, आणि बाजूच्या खांबावर याच संधीची वाट पाहत बसलेल्या दुसऱ्या माकडाने माझा चष्मा उचलला.

आता परिस्थिती अशी: शेकरूला पायाखालचं दिसत नाही आणि हँडलरला शेकरू दिसत नाही. मी अंदाजाने तपकिरी रंगाच्या दिशेने निघाले आणि एका यात्रेकरूच्या शालीला धरून ‘घाबरू नकोस, मी आहे’ असं म्हटलं. ते गृहस्थ तेलुगूत काहीतरी बोलले. तोवर तांबूने आपला पार्श्वभाग चाचपला होता. मुखवट्याचं हसू जागच्या जागी, आणि खाली दोन पंजे हवेत सैरावैरा. असा शोक मी कधी पाहिला नाही. तेव्हाही धूसरच पाहिला.

बनारसला गर्दी जमायला निमित्त लागत नाही, इथे तर निमित्ताला कान होते. हे जनावर कोण, यावर तिथल्या तिथे चर्चासत्र सुरू झालं. नेवला है. भालू है. एक आजोबा म्हणाले, वानरसेनेतला असणार. त्यावर दुसरे उखडले, की रामनगरची लीला 31 दिवस चालून कधीच आटोपली, आता कार्तिकात वानर कुठला? एका बाईंनी तांबूच्या पायाशी दहाची नोट ठेवली आणि नमस्कार केला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, शेकरू, राटुफा इंडिका! पण माझी सगळी हिंदी चष्म्याबरोबर गेली होती.

चष्मा लवकर सुटला. कुठूनतरी एक पोरगा केळी घेऊन हजर झाला, माकडाने केळं घेतलं, चष्मा टाकला, पोराने पन्नास रुपये घेतले. तिघांच्याही हालचालीत इतकी सफाई होती की ते माकड आणि तो पोरगा भागीदारीत आहेत याबद्दल माझी खात्री आहे.

शेपटीचं मात्र जमेना. केळं नको, फुटाणे नकोत, पेढा नको. माकडिणीने शेपटी मांडीवर घेतली होती, आणि अतिशय मन लावून ती तिच्यातल्या उवा काढत होती. फर दोन बोटांनी बाजूला करायची, वाकून बघायचं, काहीतरी चिमटीत धरून तोंडात टाकायचं, पुढे सरकायचं. तिचं पिल्लूही शेपटीच्या टोकाला बिलगलं. माकडांत कुणीही कुणाच्याही उवा काढत नाही. ते आपल्या माणसांसाठी असतं. केळीवाल्या पोराने दगड उचलला, तसे तांबूने दोन्ही पंजे जोरजोराने हलवले. नको. मारू नका. आणि मान वर करून ते तसंच बघत राहिलं. एवढे महिने सुईदोरा घेऊन बसलेल्या मुलीच्या कामाला कुणीतरी खरं मानलं होतं. आमच्या घरात ‘छान झालंय, पण लग्नाचं काय?’ याच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मीसुद्धा.

आणि नेमक्या तेव्हा, रंगीत गॉगल लावलेला एक धट्टाकट्टा इसम मोबाइल उंच धरून आला, त्याने तांबूच्या गळ्यात हात टाकला, डोक्यावर दोन टपल्या मारल्या आणि ‘अंदर लड़का है कि लड़की?’ म्हणत तोंडावरची फर उपटायला लागला. माझा हँडलरचा तिसरा गुण आतून उसळून आला. मी त्याला जे बोलले ते शुद्ध मराठीत होतं, छापण्यासारखं नाही, आणि मागच्या भिंतीवरची उरलेली माकडंही पळाली. असल्या माणसांचं मला कधी कळलेलं नाही. समोर मुखवटा आला की आत कातडी नाही असं यांना वाटतं. तो इसम गेला, पण तांबूचे खांदे हलत होते, आणि हे नाटक नव्हतं.

‘अहो ताई, तिला आत आणा. उन्हात कशाला उभी केलीत?’

वरच्या दारात एक काकू उभ्या होत्या. नऊवारी, तोंडात पान, मराठी आमच्यासारखी पण मधूनच गंगेच्या वळणाची. पिढ्यानपिढ्या इथलं घर. त्या खाली आल्या, तांबूसमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढे करून थांबल्या. ‘हात धरू का ग, बेटा?’ तांबूने पंजा दिला. काकू प्रत्येक पायरी मोजून सांगत तिला वर घेऊन गेल्या: आता उंच आहे, आता सपाट, इथे चौकट आहे, मान वाकव. मी मागून आपटत-धडपडत.

मधल्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी कूलर लावला, दार लोटलं, मुलांना बाहेर हाकललं, ओला टॉवेल आणि लिंबूसरबत आत ठेवलं, आणि स्वतः उंबऱ्याबाहेर पाठ करून बसल्या. ‘आता काढ म्हणावं डोकं. कोणी बघत नाही. सरबत हळू हळू पी, गटागट नाही, ओकारी येईल.’

मी थक्क. महानगरीतली अख्खी शिकवणी या बाईने गाडीत न बसता पूर्ण केली होती. मी विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत?

‘माझे दीर मोहल्ल्याच्या लीलेत जांबवंत व्हायचे. बरीच वर्षं. मुखवट्यात श्वास कसा कोंडतो ते मला विचारा. एकदा लंकेत पोचायच्या आधीच गिरपडले.’ त्यांनी पान गालाच्या दुसऱ्या बाजूला सारलं. ‘लोकांना जांबवंत दिसतो. पाणी मात्र दिराला लागतं.’

चहा आला. सोबत गोड आणि कारल्याची भजी. काकूंनी स्वतःच्या हातांनी वाढली. मी तीन खाल्ली. कारलं सोडायचा विचार मी तूर्त पुढे ढकलला आहे.

दुपारी माकडिणीचं काम आटोपलं. शेपटी आपण होऊन छज्ज्यावर ठेवून ती निघून गेली, आणि काकूंच्या नातवाने काठीने ती खाली ओढली. टोकाची फर गेली होती, बाकीची विंचरल्याइतकी साफ. काकूंनी गोधडीच्या टाक्याने टोक शिवलं. भाची कुर्त्याच्या बाहीने तोंड पुसत शेजारी बसली होती आणि नातू तिला बारकाईने प्रश्न विचारत होता. कॉलेजात होता. यात यायला फी किती? फी नसते. परीक्षा? नसते. मग आधी काय करायचं? आधी जनावर ठरव, चित्र काढ, खर्च नंतर.

जनावर त्याने एका दमात सांगितलं: सांड. बनारसचा, गल्लीतला, कुणालाही वाट न देणारा.

भाचीने वही काढली. खांदे, वशिंड, शिंगं. आधी डोकं बनवू, ती म्हणाली, पण दुसऱ्याच्या चित्रावरून नाही, तुझा सांड तूच ठरव. तो म्हणाला, शिंगं मोठी पाहिजेत. काकूंनी सुईदोरा बाजूला ठेवला, शिलाईच्या डब्यातली टेप घेतली आणि त्या उठून जिन्याकडे गेल्या. जिन्याची रुंदी सव्वादोन फूट भरली, वहीतली शिंगं अडीच. पुढचा तासभर तिघांची यावर जोरदार चर्चा झाली, नाना फडणविसांचा वाडा बंद व्हायची वेळ होऊन गेली, आणि शेवटी शिंगं काढ-घालीची करायची असं ठरलं.